विहिरीवरची राणी

झाशीच्या राणीचे बहुतेक पुतळे घोड्यावर आहेत. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये मात्र ती एका विहिरीपाशी भेटते. झाशी पडलेली, पठाणी वेष धुळीने भरलेला, चेहरा उतरलेला, घशाला कोरड. भटजी पाणी काढायला पुढे होतात. विद्वान ब्राह्मणाला ती ते काम करू देत नाही. स्वतः पाणी शेंदते आणि ओंजळीने पिते.

गोडसे इतिहासकार नव्हते. दक्षिणेच्या आशेने १८५७ साली कोकणातल्या वरसईहून निघालेले ते भिक्षुक. झाशीचा वेढा आणि एप्रिल १८५८ मधली लूट त्यांनी शहरात राहून सोसली. त्यामुळे राणीचे शौर्य सांगतानाही तिची तहान त्यांच्या नजरेतून सुटत नाही. आठवणी सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिलेल्या. तपशील पारखून घ्यावेत. तरी हा प्रसंग रचलेला वाटत नाही, कारण तो कुणाचाच गौरव वाढवण्यासाठी ताणलेला नाही.

आज आपल्याला यात थकलेले शरीर दिसते. गोडशांना दिसते ती थकव्यातही न सुटलेली मर्यादा, आणि ती मर्यादा जातीच्या व्यवस्थेची आहे. हे विसरून प्रसंग नुसता हळवा करू नये. अमृतलाल नागरांच्या अनुवादामुळे हिंदी वाचकालाही ही राणी ठाऊक आहे. दमलेली राणी लहान होत नाही. न दमणारी राणी मात्र पुतळाच राहते.