लघुकथेतील सपाट गौण पात्रे : वऱ्हाडच्या लेखनाच्या संदर्भात

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' या व्याख्यानसंग्रहात पात्रांचे 'सपाट' आणि 'घन' असे दोन वर्ग कल्पिले. एकाच कल्पनेभोवती रचलेले व एका वाक्यात सांगून संपणारे पात्र ते सपाट; वाचकास पटेल अशा रीतीने चकित करण्याचे सामर्थ्य ज्याच्या ठायी असते ते घन. पुढे 'सपाट' या विशेषणास निंदेची छटा चिकटली आणि सपाट पात्र म्हणजे फसलेले पात्र, असे समीकरण होऊन बसले. वास्तविक फॉर्स्टर यांनी डिकन्सच्या उदाहरणाने अशा पात्रांचे सामर्थ्य मान्य केले होते. शिवाय त्यांचे विवेचन कादंबरीपुरते होते. अल्पावकाशात एकच अनुभव एकाग्र करणाऱ्या लघुकथेस ते जसेच्या तसे लावणे युक्त नव्हे.

लघुकथेत गौण पात्राचे सपाटपण ही केवळ काटकसर नसते. कित्येकदा तोच कथेचा आशय असतो. चेकॉव्ह यांच्या 'तस्का' (१८८६) या कथेतील गाडीवान आयोना याचा तरुण मुलगा नुकताच वारला आहे. लष्करी अधिकारी, तिघे उनाड तरुण, एक दरवान, एक तरुण गाडीवान अशा एकेकापाशी तो आपले दुःख सांगू पाहतो. ऐकून कोणीच घेत नाही. अखेर तो ते आपल्या घोडीस सांगतो. यांपैकी एकाही श्रोत्यास अंतरंग दिले असते, तर त्याला आयोनाचे ऐकावे लागले असते आणि कथाच उरली नसती. त्यांचे सपाटपण हेच आयोनाच्या एकाकीपणाचे माप होय.

वऱ्हाडात या तंत्राचा जाणीवपूर्वक वापर श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी केला. अकोला, खामगाव व जळगाव-जामोद येथे वकिली करणाऱ्या कोल्हटकरांचा 'साक्षीदार' हा लेख १९०२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातून 'सुदाम्याचे पोहे' ही मालिका सिद्ध झाली. सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या हे त्रिकूट लेखामागून लेखांत वावरते; परंतु त्यांच्यात परिवर्तन होत नाही, व्हावे अशी अपेक्षाही निर्माण होत नाही. हास्याचा रोख व्यक्तीवर नसून रूढीवर आहे. बंडूनानांना अंतर्मन लाभते, तर वाचकाची सहानुभूती त्यांच्याकडे वळून रूढी सुटून गेली असती. येथे सपाटपण हे उपहासाचे शस्त्र ठरते. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी : या त्रिकुटात निवेदक स्वतःही सामील आहे. जो हसवितो तोही तितकाच सपाट आहे.

हा समतोल ढळतो तेथे प्रश्न गंभीर होतो. प्रमाण मराठीत बोलणाऱ्या नायकाच्या कथेत गडी, मोलकरीण वा रिक्षावाला दोन वाक्ये वऱ्हाडीत बोलून निघून जातो, तेव्हा ती बोली त्याचे सपाटपण दर्शविणारी खूण बनते. मितव्ययाचे समर्थन येथे अपुरे पडते. कारण काटकसर कोणाच्या वाट्याला येते, हे कलेइतकेच समाजरचनाही ठरवीत असते. सपाट पात्र असणे हा दोष नव्हे. एकाच वर्गातील माणसांनी नित्य सपाट असणे हा दोष होय.

उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) ही कादंबरी असली, तरी कथाकारास तिच्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. तीत निवेदन प्रमाण भाषेत असून संवाद वऱ्हाडीत आहेत. कौतिकही वऱ्हाडी बोलते आणि क्षणभर डोकावणारा शेजारीही. परिणामी बोली ही खूण राहत नाही, ती श्वासोच्छ्वासासारखी सर्वांची होते. गौण पात्रे येथेही आहेत. परंतु त्यांचे गौणत्व कौतिकच्या संसाराशी असलेल्या त्यांच्या अंतरावरून ठरते, उच्चारावरून नव्हे. मनोहर तल्हार यांच्या 'माणूस' (१९६३) या कादंबरीने आणखी एक पाऊल टाकले. इतरत्र नायकास स्थानकावरून घरी पोचवून कथेबाहेर जाणारा रिक्षावाला तीत केंद्रस्थानी आला. आयोनाचीच ही जात. फरक इतकाच, की चेकॉव्हने त्याला कथेच्या अवकाशात जागा दिली, तल्हारांनी कादंबरीच्या.

तात्पर्य, गौण पात्र सपाट आहे की घन, हा समीक्षेचा पहिला प्रश्न असू शकेल, अखेरचा नव्हे. त्याच्या सपाटपणाने कथेतील कोणते सत्य उजळते, आणि ते सपाटपण कथेच्या गरजेतून आले की लेखकाच्या सवयीतून, हे तपासणे अगत्याचे आहे. चेकॉव्हच्या कथेत न ऐकणारी माणसे सपाट आहेत. सवयीने लिहिलेल्या कथेत ज्याचे ऐकले जात नाही तोच सपाट होतो. या दोहोंतील भेद ओळखणे हे अभ्यासकाचे कार्य होय.