चंदीगडची खुर्ची

ज्यांनी चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांत काही वर्षे काढली, त्यांना या खुर्चीची ओळख करून द्यावयास नको. ल कॉर्बुझिए यांचे चुलतबंधू पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली १९५०च्या दशकात ती आकारास आली: सागवानाचा सांगाडा, वेताची विणलेली बैठक आणि कंपासाप्रमाणे फाकलेले पाय.

तिचे सारे सौंदर्य आमच्या मते या पायांत आहे. बैठकीचा नि पाठीचा भार एका त्रिकोणात उतरतो. नक्षी कोठेच नाही. त्यामुळे सांध्यात कुसू ढिले बसले, तर ते झाकावयास सुताराजवळ काही उरत नाही. निरनिराळ्या कारखान्यांतील स्थानिक कारागिरांनी या खुर्च्या घडविल्या, म्हणून दोन शेजारी ठेवल्यास लाकडाच्या जाडीत थोडा फरक दिसतो. आम्हांस तो दोष वाटत नाही.

दोष वाटतो तो जीर्णोद्धाराचा. मोडीत निघालेल्या या खुर्च्या परदेशी लिलावांत गेल्या (केंद्रीय गृहमंत्रालयाची मनाई आली ती २०११ साली), आणि पुष्कळींना घासून चकचकीत पॉलिश चढविण्यात आले. पाठीवरील खात्याची पांढरी अक्षरे तेवढी जपली. तो अस्सलपणाचा दाखला! कारकुनाच्या कोपराने गुळगुळीत झालेली जागा मात्र काचकागदाखाली गेली. सागवानात अंगचेच तेल असते. त्यावर लाखेचा एक पातळ थर पुरता. अर्थात, त्यांना मोडीत काढणाऱ्या कागदावरची सही परदेशी नव्हती; ती आपल्यांसारख्याच कोणा अधिकाऱ्याची होती.