बालचित्रकथेतील साम्राज्य : 'टिनटिन काँगोमध्ये'चे पुनर्वाचन

प्रस्तावना :
साम्राज्य केवळ सैन्य व प्रशासन यांच्या बळावर टिकत नाही. राज्यकर्त्या देशातील सामान्य माणसालाही ते आपले वाटावे लागते. बेल्जियममध्ये हे सोपे नव्हते. १८८५ पासून काँगो हा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या व्यक्तिगत सत्तेखाली होता. रबराच्या हव्यासातून झालेल्या अत्याचारांवर देशोदेशी टीका झाल्यावर १९०८ साली तो बेल्जियन राज्याकडे आला. या वसाहतीविषयी आपलेपणा रुजविण्यात लोकप्रिय संस्कृतीचा वाटा मोठा होता. एर्जे यांची 'टिनटिन काँगोमध्ये' ही चित्रकथा त्याचे बोलके उदाहरण होय.

विवेचन :
ही चित्रकथा १९३०-३१ मध्ये ब्रुसेल्समधील एका कॅथलिक दैनिकाच्या बालपुरवणीत क्रमशः प्रसिद्ध झाली. एर्जे काँगोला गेलेले नव्हते. तेर्व्ह्युरेन येथील वसाहतविषयक संग्रहालय हा त्यांच्या चित्रणाचा एक आधार होता. या संग्रहालयाचे मूळ १८९७ च्या प्रदर्शनात आहे. त्या प्रदर्शनात काँगोतील माणसेच मांडली गेली होती व त्यांपैकी सात जण मृत्यू पावले. संग्रहालयाने जे निवडले, तेच बालवाचकाचे आफ्रिका झाले.

मूळ आवृत्तीत टिनटिन आफ्रिकी मुलांना 'तुमचा देश बेल्जियम' असा पाठ देतो. १९४६ च्या रंगीत आवृत्तीत त्याजागी बेरजेचा पाठ आला. ही कृती काळाची निर्मिती आहे, तेव्हा तिला आजचे निकष लावू नयेत, असा युक्तिवाद केला जातो. परंतु लेखकाने स्वतः फेरफार केल्यामुळे तो अपुरा ठरतो. काय बदलले यापेक्षा काय राहिले, हे अधिक महत्त्वाचे आहे. फळ्यावरचा मजकूर बदलला. शिकविणारा गोरा व शिकणारे काळे ही रचना तशीच राहिली. आगगाडी उलटविणारा टिनटिनच आफ्रिकींना कामाला लावतो आणि अखेरीस त्याचीच मूर्ती पूजिली जाते, हे प्रसंगही कायम राहिले.

निष्कर्ष :
२०१२ मध्ये ब्रुसेल्सच्या न्यायालयाने या पुस्तकावर बंदी घालण्याची मागणी फेटाळली. न्यायालयापुढील प्रश्न हेतूचा होता. समीक्षेपुढील प्रश्न रचनेचा आहे. वसाहतीचा उल्लेख पुसूनही वसाहतवादी नाते कथेत टिकून राहते. १९६० साली काँगो स्वतंत्र झाला, तरी साम्राज्याची अस्मिता बालवाचनात अबाधित राहिली, ती या रचनेमुळेच. म्हणून या पुस्तकावर बंदी घालण्यापेक्षा त्याच्या दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचणे अधिक उद्बोधक ठरेल.