आरशातील आत्मचित्र आणि साम्याचा निकष

संग्रहालयांतील कलाकार्यशाळांत आरशात पाहून आत्मचित्र काढवून घेतात. साम्य साधले की कौतुक होते. प्रस्तुत लेखकास हा निकष अपुरा वाटतो. सपाट काचेवर उमटणारी चेहऱ्याची बाह्यरेखा प्रत्यक्षाच्या निम्मीच असते, डावे-उजवेही बदलते. म्हणजे साम्य ही मुळातच तडजोड होय. पार्मिज्यानिनोने १५२४ मध्ये बहिर्वक्र आरशातील स्वतःचे रूप बहिर्वक्र लाकडावरच रंगविले. व्हिएन्नातील या चित्रात पुढे आलेला अवाढव्य हात, वाकलेली खिडकी त्याने दुरुस्त केली नाही. चेहरा मात्र मध्यभागी ठेवून वाचविला (ही चतुराई सहसा नजरेआड होते). पिंपरी-चाकणच्या विद्यार्थ्यास बहिर्वक्र आरसा दुचाकीवर रोज भेटतो. कार्यशाळेत तोच ठेवावा. कामगाराच्या घरातील मुलाने चेहऱ्याहून हात मोठा काढला, तर परीक्षकाने तो खोडू नये.