वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रातील रंग आणि उत्स्फूर्तता : एक आस्वाद

अमूर्त चित्रासमोर आपले विद्यार्थी हमखास विचारतात, ‘यात काय काढले आहे?’ जे ओळखता येत नाही ते श्रमांवाचून झाले असणार, असे गृहीत या प्रश्नामागे दडलेले असते. वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांची चित्रे या गृहीताला छेद देतात.

अमूर्त अभिव्यक्तिवाद म्हटला की जॅक्सन पोलॉक आठवतो. १९४७ च्या सुमारास त्याने जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर रंग ओघळवण्यास आरंभ केला. तेथे उत्स्फूर्तता म्हणजे देहाची गती होय. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे पदविकाधारक असलेले गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. तरी त्यांची वाट निराळीच राहिली. रोलर आणि रंगसुरीने ते रंगाचा थर देत, काढून घेत, पुन्हा देत. वर्षाकाठी पूर्ण होणारी चित्रे मोजकीच असत.

त्यांचे १९७९ चे शीर्षकविरहित चित्र घ्यावे. सोनेरी पिवळ्या विस्तारात गडद आकार तरंगतात. ते अक्षरांसारखे भासतात, पण वाचता येत नाहीत. मर्ढेकरांनी सांगितलेली संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे येथे निश्चितच लागू पडतात. मात्र ती पृष्ठभागाची रचना उलगडतात. थरांत साठलेला काळ त्यांच्या कक्षेत पुरता येत नाही. खालचा रंग वरच्या रंगातून उजळतो, तेव्हा प्रतीक्षाही दृश्यरूप घेते. ओला रंग कसा वागतो हे पाहून तत्क्षणी दिलेला होकार म्हणजे गायतोंडे यांची उत्स्फूर्तता. ती घाई नव्हे. दीर्घ संयमाने तिच्यासाठी जागा केलेली असते.

हेच चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात २३.७० कोटी रुपयांना विकले गेले आणि चर्चा किमतीचीच अधिक झाली. ‘हे तर लहान मूलही काढील’ ही अवहेलना आणि कोटींच्या आकड्याने दिपून जाणे, या दोन्ही वस्तुतः न पाहण्याच्याच तऱ्हा आहेत.

छापील प्रतिमेत वा पडद्यावर हे थर सपाट होतात. वसई रोडहून चर्चगेटला थेट लोकल जाते. काळा घोडा परिसरातील कलादालने तेथून दूर नाहीत. माणिकपूरच्या विद्यार्थ्यांना मूळ अमूर्त चित्रांसमोर उभे करून आपण निदान प्रश्न तरी बदलावा : कोणता रंग आधी आला असेल, आणि चित्रकार कोठे थांबला असेल? आस्वादाचा आरंभ तेथून होतो.