चार घोड्या, एक गाडी

दादानं आधी झाडू घेतला. गाडी वर घेताना बघायची म्हणून मी सकाळी सातला अर्धा चहा तसाच ठेवून न्यू जर्सीतल्या त्याच्या गॅरेजमध्ये हजर, आणि हा माणूस वाकून खडे वेचतोय. माझा हा आतेभाऊ वयानं साठीचा आणि स्वभावानं सोनार. गाडी १९८६ सालची पोर्श ९११, कॅरेरा ३.२. रात्रभर तिला कुणी हात लावला नव्हता, कारण आजचं काम, म्हणजे व्हॉल्व्हांच्या फटी तपासणं, इंजिन पार थंड असतानाच करायचं असतं. खड्यांचं कारण मला अर्ध्या तासानं कळलं. नुसतं कळलं नाही, आवडलं.

गाडीच्या बांधणीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. सहा सिलिंडर, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे आडवे, आणि हे सगळं इंजिन मागच्या आसाच्याही मागे लटकवलेलं. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ म्हणून आली. मधल्या शून्यावर प्यूजोनं हक्क सांगितला म्हणून ती ९११ झाली. नाव बदललं, इंजिनाची जागा मात्र कुणी बदलली नाही. साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागे. भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर शेपूट पुढे यायला बघतं, असा तिचा लौकिक. रस्त्यावर हे डोळ्याचं पातं लवायच्या आत घडतं. जॅकवर तेच विलंबित लयीत बघायला मिळतं.

ही गाडी इतकी बुटकी की साधा ट्रॉली जॅक तिच्या पोटाखाली शिरतच नाही. दादानं चाकांपुढे दोन जाड फळ्या टाकून गाडी हळूच त्यावर चढवली. एवढ्या दोन बोटांच्या उंचीसाठी वेगळी रॅम्प विकत घेणारे लोक आहेत. मला फळीच शोभून दिसली. दाराखालच्या उंबरठ्यात, जरा मागच्या अंगाला, एक नळी असते. प्रत्येक बाजूला एकच. कारखान्यानं जॅकसाठी दिलेली जागा ती. नेहमीच्या गाडीला एका बाजूला अशा दोन जागा असतात, एक पुढच्या चाकाशी आणि एक मागच्या. इथे एकच का, हे दादानं दांडा दाबायला सुरुवात केल्यावर उमगलं. मागचं चाक जमिनीवरून सुटलं आणि पाठोपाठ पुढचंही, बिनबोभाट. वजन मागे, अंग ताठ, त्यामुळे योग्य जागी एकच टेकू दिला की अख्खी बाजू वर. ज्यानं ती नळी तिथे बसवली त्याला आपल्या गाडीचा तोल पाठ होता. (मीठ टाकलेल्या बर्फाळ रस्त्यांवर आयुष्य गेलेल्या गाड्यांचा हाच उंबरठा आतून गंजतो. मग नळी दिसायला शाबूत, पण भार घेतला की कोसळणार. दादानं आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून आवाज ऐकला, माठ घेताना ऐकतात तसा.)

आता खडे. जॅकची बशी सरळ वर जात नाही, कमानीत जाते. गाडीही सरळ वर जात नाही. पलीकडच्या चाकांवर कलत तीही स्वतःच्या कमानीत फिरते. या दोन कमानी काही जुळत नाहीत. फरक भरून निघतो तो जॅकच्या छोट्या लोखंडी चाकांनी. भार वाढत जातो तसा जॅक इंच इंच सरकत राहतो. चाकाखाली एक खडा अडला की सरकणं थांबतं, आणि मग बशी तरी घसरते नाहीतर गाडी तरी ओढली जाते. झाडू तेवढ्यासाठी होता.

दगड लावण्यातही त्याची एक शैली दिसली. आपल्याकडे घाटात ट्रकवाले चाकाला धोंडा लावतात आणि जाताना तिथेच सोडून जातात, पुढच्याच्या नशिबाला. दादाच्या लाकडी पाचरी रंगवलेल्या, नंबर घातलेल्या. त्या लागतातच, कारण या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आणि गिअरही मागच्याच चाकांना धरतो. मागची बाजू वर गेली की दोघांचंही राज्य संपलं. शिवाय आज इंजिन हातानं फिरवायचं, म्हणजे गिअर न्यूट्रलमध्येच. उरलं ते लाकूड.

पण मला ज्याच्यासाठी हे लिहावंसं वाटलं तो क्षण उचलण्याचा नाही, उतरवण्याचा आहे. जॅक हा चढवणारा, सांभाळणारा नव्हे. आतल्या तेलाचं एक सील फाटलं की संपलं. सांभाळते घोडी, म्हणजे गाडीखाली ठेवायचा लोखंडी टेकू. मागची घोडी टॉर्शन बारच्या आडव्या नळीच्या टोकाखाली आणि पुढची चाकाच्या दांडीच्या आतल्या जोडाखाली बसली. मग दादानं दांडा उलटा फिरवला, इतका सावकाश की जॅकमधून तेल परतल्याचा सुस्कारा ऐकू आला. घोडीचं डोकं आणि गाडीचं पोट यांत बोटभर फट, मग कागदभर, मग काहीच नाही. तिथे तो थांबला. वाकला, चारही पाय टेकलेत का पाहिलं, आणि मगच उरलेला भार सोडला. दुसरी बाजू तशीच, पण एका दमात नाही. आधी खालच्या खाचेवर, मग पुन्हा पहिल्या बाजूकडे येऊन एक खाच वर. एकदम चढवली तर पलीकडच्या घोड्या तिरप्या होतात.

चारही घोड्यांवर गाडी स्थिर झाल्यावर दादानं बंपरला धरून ती गदागदा हलवली. मी दचकलो.

"पडली असती तर?"

"आत्ता पडली तर बरंच की. मी बाहेर आहे."

पोर्शच्या स्टुटगार्ट शहराचं नाव घोड्यांच्या पागेवरून, खरं तर घोडींच्या बागेवरून पडलं, आणि पोर्शच्या ढालीवर त्याच शहराचा घोडा उधळलेला आहे. आपल्या गॅरेजमधल्या पोरांनी या लोखंडी टेकूला घोडी म्हणावं, आणि त्या घोड्याला इथे घोडीच्या पाठीवर बसायला लागावं, हे काही कुणी ठरवून केलेलं नसणार.

एक मोह दादानं टाळला, त्याचीही दाद द्यायला हवी. जॅक थेट इंजिनाच्या पोटाखाली घालून मागचा भाग एका फटक्यात उचलता येतो. बरेच जण लाकडाचा ठोकळा ठेवून तसं करतात. १९७८ पासून या इंजिनाचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा झाला, त्याआधीची काही वर्षं मॅग्नेशियमचा होता. त्या गाड्यांत तर हा विचारही नको. दादाला इंजिन उचलायचं साधन वाटत नाही. उद्या इंजिनच खाली काढायचं ठरलं तर मात्र हा सगळा हिशेब उलटेल आणि गाडी नाकावर कलायला बघेल, तेव्हा घोड्यांची मांडणी वेगळी.

शेवटी दोन सुटी चाकं उंबरठ्याखाली सरकवली, घोड्यांनी दगा दिला तर म्हणून. मगच दादा पाठीवर झोपून आत गेला. बारा व्हॉल्व्हांपैकी सहा एक्झॉस्टचे, आणि ते खालूनच गाठावे लागतात. त्यांची फट ०.१ मिलिमीटर. बाराशे किलोंच्या आसपास गाडी डोक्यावर घेऊन त्यानं फीलर गेजची पाती फटीत सरकवली, ओढून पाहिली, पुन्हा सरकवली.

"जरा घट्ट आहे," तो खालून म्हणाला. "बारीक स्क्रूड्रायव्हर दे. आणि गाडीला टेकू नकोस."