विमानकथांतील एक उणीव

कै. शिवकर बापूजी तळपदे यांच्या विमानाची कथा ज्यास ठाऊक नाही असे सुशिक्षित मराठी घर क्वचितच सापडेल. सन १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे मनुष्यरहित विमान उडविले, ते १५०० फूट उंच चढले आणि मग खाली कोसळले, असे ही कथा सांगते. भिवंडीस एका व्याख्यानात ती आम्हांस नुकतीच पुन्हा ऐकावयास मिळाली. वक्त्यांची वाणी रसाळ होती. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज प्रेक्षकांत उभे आहेत, हा प्रसंग तर त्यांनी फारच रंगविला. टाळ्या ओसरल्यावर यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीचा मुलगा उठला आणि त्याने विचारले, “सर, पण ते पडलं कशानं?” वक्ते हसले. पडणे गौण, उडणे मुख्य, असे काहीसे उत्तर त्यांनी दिले आणि आभारप्रदर्शन झाले.

आमच्या मते टीकाकाराने विचारावयाचा प्रश्न त्या दिवशी त्या मुलाने विचारला होता.

या उड्डाणास समकालीन असा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही, ही गोष्ट इतिहासज्ञांनी पुष्कळदा सांगितली आहे. तिची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. कथा ही कथा म्हणूनच घेऊ. मग तिची घडण कशी दिसते? चढण्यास नेमका आकडा आहे, प्रेक्षकांस नावे आहेत, पडण्यास मात्र अर्धे वाक्य. वारा कोणत्या दिशेचा होता, कोणता भाग प्रथम निखळला, नाक खाली गेले की एक पंख कलला, यांपैकी एकही तपशील नाही. आणखी आश्चर्य असे की, माणसांनी गजबजलेल्या वाळूवर दीड हजार फुटांवरून एक यंत्र आदळते, आणि ते गर्दीत पडले की पाण्यात, कोणास इजा झाली की नाही, याची विचारपूसही कोणी करीत नाही. ज्या कथेतील पतनाने कोणाला दुखत नाही, त्या कथेतील उड्डाणही आम्हांस खरे वाटत नाही. हा दोष इतिहासाचा असेल तसाच तो वाङ्मयाचाही आहे.

याच्या दुसऱ्याच वर्षी जर्मनीत एक माणूस पडला. ऑटो लिलिएन्थाल याने तोवर स्वतः बांधलेल्या बिनइंजिनाच्या पंखांवरून सुमारे दोन हजार वेळा टेकड्यांवरून झेपा घेतल्या होत्या. ९ ऑगस्ट १८९६ रोजी अवचित आलेल्या वाऱ्याच्या झोताने त्याचे पंख वर उचलले गेले, वेग मोडला, आणि सुमारे ५० फुटांवरून तो खाली आला. त्याची मान मोडली आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये तो वारला. त्याच्या या मृत्यूची वार्ता वाचून राइट बंधूंचे लक्ष या विषयाकडे नव्याने वळले. झोत आल्यावर तोल सावरावयाचा कसा, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. म्हणजे त्या पतनाच्या पोटी पुढचे उड्डाण जन्मास आले. आमच्या पतनाच्या पोटी अभिमानाखेरीज काही आले नाही. लिलिएन्थालने पडण्याचा विचार आधीच केला होता, हेही विसरता कामा नये. आदळताना धक्का झेलावा म्हणून वाळुंज लाकडाची एक लवचीक कमान त्याने आपल्या यंत्राच्या पुढे बसवून पाहिली होती.

तळपद्यांच्या कथेशी ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाचे नाव नेहमी जोडले जाते. पंडित सुब्बराय शास्त्री यांनी तो १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहविला असे म्हणतात. तळपदे त्यापूर्वीच निवर्तले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्यातील शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या विमानांची छाननी करून ती उडण्यास असमर्थ असल्याचा निर्णय दिला. परंतु या ग्रंथात एक गोष्ट आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. आकाशमार्गांतील आवर्तांचा त्यात उल्लेख आहे: वातावर्त, शैत्यावर्त अशी नावे दिली आहेत, आणि चालकाने ती जाणावीत असे म्हटले आहे. आकाशात भय आहे, एवढे भान लेखकास खचित होते. मात्र नाव दिले की ज्ञान झाले, अशी त्याची समजूत दिसते. आवर्त दुरून ओळखावा कसा आणि त्यातून वाचावे कसे, याविषयी ग्रंथ हाती काही देत नाही.

खरा वातावर्त पाहावयास आम्हां भिवंडीकरांस फार दूर जावे लागत नाही. वैशाखातल्या दुपारी पूर्वेकडून काळा ढग चढतो, वारा क्षणभर पडतो, आणि पाऊस येण्यापूर्वीच गार झोत सुटून गोदामांचे पत्रे खडखडू लागतात. वळवाच्या ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूंकडे पसरते, तिचा तो झोत. लहान विमान तीत शिरले म्हणजे प्रथम समोरून जोराचा वारा मिळतो आणि विमान उचलल्यासारखे वाटते. चालक फसतो तो येथेच. पुढच्या काही क्षणांत हवा खाली दाबते, नंतर वारा पाठीमागून लागतो, आणि ज्या वेगावर पंख तरलेले असतात तोच नाहीसा होतो. ढगात शिरणे याहून घातक आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, केवळ यंत्रे पाहून विमान चालविण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांस कृत्रिम रीतीने ढगातल्यासारखे अंध करण्यात आले. विसांतील एकासही विमान सावरता आले नाही. ताबा सुटण्यास सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटेही नाहीत! टाटांची टपालविमाने १९३२ मध्ये सुरू झाली, तेव्हा जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई म्हणून मुक्काम पुण्यास हलविला जात असे. आभाळाशी हुज्जत न घालता जागा बदलणे, ही त्या विद्येची पहिली इयत्ता होय.

आणि तरीही विमान पडलेच तर? येथे ह्यू डी हेवन याचे स्मरण अवश्य आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, वैमानिकी शिकत असताना टेक्सास येथे त्याचे विमान दुसऱ्या विमानावर आदळून पडले आणि तो वाचला. आपण का वाचलो, हा प्रश्न त्याने जन्मभर सोडला नाही. ५० ते १५० फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांवर त्याने १९४२ मध्ये निबंध लिहिला. त्याचे सार असे की, पडणे मारीत नाही, एकाएकी थांबणे मारते. हिशेब साधा आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारे शरीर एक मीटर अंतरात थांबले तर त्यावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीसपट भार येतो. दहा सेंटिमीटरांत थांबले तर दोनशेपट. पहिला भार नीट बांधलेला मनुष्य बहुधा सोसतो, दुसरा क्वचितच कोणी सोसतो. म्हणून विमानाचे नाक चुरडले जावे, पण बसण्याची जागा चुरडू नये; खांद्यांवरील पट्टे सांगाड्यास पक्के जखडलेले असावेत; डोक्यासमोर कठीण काही नसावे. घरी विमान बांधणाऱ्याने इंजिनाआधी याचा विचार करावा, असे आम्हांस वाटते. येथला साधा यंत्रमागदेखील बाणा तुटला की आपोआप थांबतो. धागा तुटणारच, हे गृहीत धरून तो बांधलेला असतो.

या विद्येस आमच्या भूमीचाही विचार करावा लागेल. भिवंडीच्या आसमंतातील भातखाचरे कापणीनंतर वरून सपाट दिसतात, पण प्रत्येकास बांध आहे, आणि चाक बांधास अडले की विमान नाकावर उलटते. बांधाच्या लांबीने उतरावे तर वारा कुशीवर येतो. शिवाय खाचरे आता उरली किती? जिकडे पाहावे तिकडे गोदामे.

श्री. अमोल यादव यांनी कांदिवलीस इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले, त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. त्यांची चिकाटी आदरास पात्र आहे, आणि ते स्वतः व्यवसायाने वैमानिक असल्यामुळे पतनाचा विचार त्यांनी केला नसेल असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमची तक्रार वृत्तांत लिहिणाऱ्यांविषयी आहे. जे वृत्तांत आम्ही वाचले त्यांत गच्ची होती, कुटुंबाची ओढाताण होती, परवान्यांचा विलंब होता. ते विमान किती वेगाने जमिनीस टेकते, हे एकानेही लिहिले नव्हते. चौपाटीच्या कथेचेच हे वळण आहे.

आमच्या पूर्वसूरींची दृष्टी इतकी एकांगी नव्हती. शाकुंतलाच्या सातव्या अंकात मातलीसह रथातून उतरणारा दुष्यंत चाकांचा आवाज झाला नाही, धूळ उडाली नाही, हे आवर्जून टिपतो. जमिनीस टेकण्याचा क्षण हा लक्ष देण्याजोगा आहे, एवढे कालिदासास कळले होते. त्याचा रथ दिव्य होता, म्हणून धक्का बसला नाही; पण धक्का अपेक्षित होता म्हणूनच तो न बसल्याचे नवल.

त्या मुलास आम्ही सभेनंतर गाठले आणि वाऱ्याचा हिशेब कागदावर करून दाखविला. ताशी ७२ किलोमीटरने उडणारे विमान ३६ किलोमीटरच्या वाऱ्याकडे तोंड करून उतरले तर जमिनीस ३६ च्या वेगाने भिडते, पाठ करून उतरले तर १०८ च्या. वेग तिप्पट, आणि आघाताची शक्ती नऊपट. त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, “चौपाटीवर दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो ना? मग त्यांनी विमान सोडलं तेव्हा त्याचं तोंड कुठं होतं?”